सांधा बदलण्याचा क्षण

इंदूर नर्मदेच्या काठी वसलेले नाही, पण पाणी मात्र नर्मदेचे पिते. १९७० च्या लोकआंदोलनाने ही मागणी धसास लावली आणि १९७८ मध्ये नर्मदा शहरात आली. खरगोण जिल्ह्यात मंडलेश्वरजवळ जलूद येथे नदीचे पाणी उचलायचे, विंध्याचा घाट चढवायचा आणि सुमारे सत्तर किलोमीटर वाहून आणून शहरातल्या टाक्यांत सोडायचे, असा हा खटाटोप. चढण चारशे-पाचशे मीटरची. एका दमात एवढे पाणी चढत नाही, म्हणून ते टप्प्याटप्प्याने हौदात घ्यायचे आणि पुन्हा वर ढकलायचे. पुढे योजनेचा दुसरा आणि तिसरा टप्पा झाला, नळ वाढले, शहर त्याहून वाढले. इंदूरकराला या साऱ्या व्यवस्थेची आठवण ती अडली की होते. जलूदला वीज गेली, उद्या अमुक टाक्या भरणार नाहीत, अशी दोन ओळींची बातमी पेपरात येते आणि घरोघरी बादल्या भरून ठेवल्या जातात.

त्या दोन ओळींच्या पोटात काय काय असू शकते ते जरा जवळून पाहू. समजा, चढावावरच्या अशा एका पंपघराची वीज रात्री दोन वाजता गेली. पंप थांबले, पण नळातले पाणी लगेच थांबत नाही. एक मीटर व्यासाच्या दहा किलोमीटर लांब नळात साडेसात हजार टनांहून अधिक पाणी असते. ते आपल्याच वेगाने थोडे पुढे सरकते, पंपाच्या तोंडाशी दाब कोसळतो, मग चढावरचे पाणी उलटे फिरते आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर येऊन आदळते. मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यासाठी प्रयोग करून निकोलाय झुकोव्स्की यांनी १८९८ मध्ये या धक्क्याचा हिशोब मांडला. पोलादी नळात पाण्याचा वेग सेकंदाला एक मीटरने एकाएकी तुटला, तर दाब जवळजवळ शंभर मीटर उंच पाण्याइतका वाढतो. ही दाबाची लाट नळातून सेकंदाला साधारण एक किलोमीटर धावते. म्हणजे दहा किलोमीटर वरच्या पंपघराला पाण्याकडून ही बातमी कळायला दहा सेकंद लागतात. फायबरच्या तारेवरून तीच बातमी सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाच्याही आत पोचू शकते.

मधल्या या दहा सेकंदांत पुष्कळ करता येते. वरच्या पंपघराने आपले पंप हळू करायला हवेत, कारण त्याच्या हौदात आता पाणी येणार नाही आणि पंप कोरडे चालले तर जळतील. खालच्याने उपसा कमी करायला हवा, कारण त्याचे पाणी ज्या हौदात पडते तो आता भरून वाहील. पुरवठा आटला की शहराकडच्या व्हॉल्व्हनी आपल्या टाक्यांचे वाटप बदलायला हवे. प्रत्येकाला आपापले काम बदलायचे आहे. यांतल्या कोणाच्याही समोर संपूर्ण चित्र नाही. आपला हौद, आपला दाब आणि शेजाऱ्यांकडून आलेले दोन-चार आकडे एवढेच त्यांचे जग. आणि ज्याची वीज गेली त्याच्याकडून आकडे येणेही कदाचित बंद झाले असेल.

पुढच्या पानांचा विषय नेमका हा आहे. संवेदक, नियंत्रक, पंप, व्हॉल्व्ह, जनित्रे ही सारी एका नेटवर्कवर बोलत असतात. निर्णय एका मुख्यालयात न होता अनेक ठिकाणी वाटलेले असतात. आणि एखादा भाग निकामी झाला, तार तुटली किंवा नवा भाग जोडला गेला, तर उरलेल्यांनी माणसाची वाट न पाहता आपली मांडणी बदलायची असते. मांडणी बदलणे यात तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी येतात. कधी नियंत्रकातला एखादा आकडा बदलतो, कधी त्याचे सूत्रच बदलते. कधी सूत्र तेच राहते आणि कोणी कोणाचे ऐकायचे ते बदलते. कधी तर एकाचे काम दुसऱ्याच यंत्रावर हलवावे लागते. पाठ्यपुस्तके बहुतेक वेळा नवी मांडणी कशी शोधायची यावर खर्ची पडतात. मला वाटते, नवी मांडणी शोधणे हा यातला सोपा भाग आहे. जुन्या मांडणीतून नवीत जाताना मधला जो क्षण असतो तो कोणीच आखलेला नसतो, आणि बहुतेक अपघात तिथेच होतात. रेल्वेच्या रुळांसारखेच हे. दोन्ही मार्ग पक्के असतात, गाडी घसरते ती सांध्यावर.

विषयाचे मूळ जुने आहे. वाफेच्या इंजिनाचा वेग आपोआप आवरणारा फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर जेम्स वॉटने अठराव्या शतकाच्या शेवटी वापरात आणला, आणि तो कधी स्थिर राहतो व कधी हेलकावे खातो याचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये केले. गव्हर्नरमध्ये मोजणारा, ठरवणारा आणि करणारा एकाच दांड्याला जोडलेले होते. पुढे हे तिघे दूर गेले. मोजणारा इथे, ठरवणारा तिथे, करणारा आणखी कुठे, आणि मध्ये तार. ही तारही पूर्वी प्रत्येकाची स्वतंत्र असे. मोटारीत तारांचे जुडगे इतके जड होऊ लागले की १९८६ मध्ये बॉश कंपनीने कॅन बस पुढे आणली, म्हणजे एकाच तारेच्या जोडीवर सगळ्यांनी पाळीपाळीने बोलायचे. तार वाचली, पण नवे दुखणे आले. निरोप आता उशिरा पोचू शकतो, उलटसुलट क्रमाने पोचू शकतो, पोचतच नाही असेही होते.

निरोप हरवले तर किती हरवलेले चालतील? याला एक देखणे उत्तर आहे. बर्कलीच्या ब्रुनो सिनोपोली आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ते मांडले. एक साधी, मुळात अस्थिर वस्तू घ्या. तिच्याकडे लक्ष दिले नाही तर तिची चूक दर ठोक्याला दुप्पट होते, असे समजा. तिच्या मोजमापाचे निरोप नेटवर्कवरून येतात, पण काही गळतात. गळती एक चतुर्थांशाच्या आत असेल, तर आपला अंदाज सरासरीने ताब्यात राहतो. त्यापुढे गेली की अंदाजातली चूक बेसुमार वाढते, मग संगणक कितीही मोठा असो. चूक तिप्पट होत असेल तर ही मर्यादा एक नवमांश. म्हणजे वाढीच्या पटीचा वर्ग खाली आणि एक वर. नियंत्रणाच्या शास्त्रात आणि दळणवळणाच्या शास्त्रात पूर्वी भिंत होती, ती या प्रकारच्या निकालांनी पाडली. नेटवर्क किती बरे हवे, याचे उत्तर आता यंत्राच्या स्वभावात सापडते.

इंदुरातच याचा एक अत्यंत वेगवान नमुना उभा आहे. राऊच्या बाजूला, सुखनिवास तलावाच्या परिसरात, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. १९८४ मध्ये पायाभरणी झालेल्या या केंद्रात इंडस-१ आणि इंडस-२ ही दोन सिंक्रोट्रॉन यंत्रे चालतात. इंडस-२ च्या वर्तुळाचा परीघ १७२.५ मीटर. त्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे १७ लाख फेऱ्या मारतात. झोत जरा हलला की त्यातून निघणारा प्रकाश शास्त्रज्ञाच्या नमुन्यावरून सरकतो आणि प्रयोग वाया जातो. म्हणून वर्तुळभर झोताची जागा मोजणारे पन्नासहून अधिक दर्शक बसवलेले आहेत आणि त्यांच्या सांगण्यावरून झोताला कणभर ढकलणारे चुंबक. कुठल्या चुंबकाला किती प्रवाह दिला की कुठल्या दर्शकावर झोत किती हलतो, याचा एक मोठा तक्ता असतो. तो उलटा केला की दुरुस्तीचे सूत्र मिळते.

आता अशा कोणत्याही यंत्रात एखादा दर्शक बिघडला असे समजा. तो गप्प बसला तर बरे. तो खोटे बोलू लागला, झोत जागेवर असताना अर्धा मिलिमीटर सरकला आहे असे सांगू लागला, तर सगळे चुंबक एकदिलाने चांगल्या झोताला वाकडे करू लागतील. उपाय कागदावर सोपा आहे: तक्त्यातली त्या दर्शकाची ओळ खोडायची आणि उरलेला तक्ता पुन्हा उलटा करायचा. संगणकाला याला क्षणही लागत नाही. अवघड प्रश्न त्याआधीचा आहे. झोत खरोखर हलला की दर्शक खोटे बोलतो आहे, हे ओळखायचे कसे? शेजारचे दर्शक काय म्हणतात ते पाहायचे, हे त्याचे उत्तर. म्हणजे साक्ष पडताळण्यासाठी साक्षीदार थोडे जास्तच ठेवायचे. ज्या व्यवस्थेत एकही मोजमाप जादा नाही तिला आपली चूक ओळखताच येत नाही. काटकसरीने केलेल्या रचनेला आपोआप सावरता येत नाही, हे निविदा मंजूर करणाऱ्यांच्या कानांवर पुन्हा पुन्हा घालायला हवे.

सिंक्रोट्रॉन एका इमारतीत मावतो आणि एकाच संस्थेच्या ताब्यात असतो. ज्या यंत्राचे मालक अनेक, हद्दी अनेक आणि तारा हजारो किलोमीटर, ते आपल्या देशातले सर्वांत मोठे यंत्र म्हणजे वीज ग्रिड. तिच्यात सांधा कसा निखळतो याचा धडा मध्य प्रदेशातल्याच एका वाहिनीने दिला. तो इथे सविस्तर सांगण्यासारखा आहे.

३० जुलै २०१२. पहाटेचे २ वाजून ३३ मिनिटे. बीना ते ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी पश्चिमेकडून उत्तरेकडे वीज नेत होती. तिची जोडीदार वाहिनी ७६५ किलोव्होल्टला चढवण्याच्या कामासाठी बंद ठेवलेली होती, त्यामुळे सगळा भार हिच्यावर. उत्तरेत मागणी जास्त, व्होल्टेज खाली आलेले. अशा वाहिनीच्या रक्षणाला जो रिले असतो तो व्होल्टेज आणि प्रवाह यांचे गुणोत्तर मोजतो. तार कुठे जमिनीला टेकली तर व्होल्टेज पडते, प्रवाह उसळतो आणि गुणोत्तर घसरते. किती घसरले त्यावरून बिघाड किती दूर आहे ते कळते. या रिलेचा तिसरा पल्ला सर्वांत लांबचा असतो. दूरचा रिले चुकलाच तर मागून सांभाळून घेण्यासाठी तो ठेवलेला असतो. त्या रात्री बिघाड कुठेच नव्हता. भार फार आणि व्होल्टेज कमी, म्हणून गुणोत्तर आपसूक घसरले आणि तिसऱ्या पल्ल्याच्या हद्दीत शिरले. रिलेने आपल्या नियमाप्रमाणे वाहिनी तोडली.

विजेला कोणी रस्ता सांगत नाही. ती उरलेल्या वाटांनी वाहू लागते. पश्चिमेची वीज आता पूर्वेकडून वळसा घालून उत्तरेत जाऊ लागली. लांबच्या वाटेने दोन टोकांमधले ताण वाढले, हेलकावे सुरू झाले. हेलकाव्यातही व्होल्टेज पडते आणि प्रवाह वाढतो, आणि रिलेला तोही बिघाडच वाटतो. मग वाटेवरच्या वाहिन्या एकामागून एक सुटल्या. उत्तर विभाग एकटा पडला आणि त्याची वारंवारता घसरू लागली. ती घसरली की ठिकठिकाणच्या रिलेंनी आपोआप काही भार तोडावा, अशी तजवीज कागदावर होती. त्या भार-कपातीतून पुरेसा दिलासा मिळाला नाही, असे नंतर चौकशी समितीने नोंदवले. सुमारे ३६,००० मेगावॅटचा प्रदेश अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला दुपारी एकच्या सुमारास, तीच वाहिनी, त्याच रिलेच्या त्याच पल्ल्याने, पुन्हा सुटली. या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तीन विभाग कोसळले. भार सुमारे ४८,००० मेगावॅट आणि त्या प्रदेशात राहणारी माणसे साठ कोटींहून अधिक. पश्चिम विभाग, ज्यात इंदूर येते, तेवढा वेळेवर सुटा होऊन उभा राहिला.

या कहाणीत खलनायक शोधायला गेले तर सापडत नाही. प्रत्येक रिलेने जे पाहिले त्यावरून जे करायला शिकवले होते तेच केले. कोणी मुख्यालयाची परवानगी मागितली नाही, निर्णय जागच्या जागी झाले आणि ग्रिडची मांडणी आपोआप बदलत गेली. आपल्या विषयाच्या व्याख्येत हे सगळे चपखल बसते! फक्त ही पुनर्रचना कोणी आखली नव्हती. विभागलेले नियंत्रक आपापल्या जागी शहाणे असले म्हणजे सगळे मिळून शहाणे होत नाहीत, हे गणितात सिद्ध करायला जड जाते. त्या दोन दिवसांनी ते देशभर दाखवले.

आखलेली पुनर्रचनाही आपल्याकडे आहे, आणि ती जुनी आहे. मुंबईसाठी टाटा पॉवरने १९८१ पासून बेट करण्याची योजना ठेवली आहे. बाहेरची ग्रिड डळमळली की मुंबईने तिच्यापासून स्वतःला तोडून घ्यायचे आणि ट्रॉम्बेचे औष्णिक केंद्र व घाटातली खोपोली, भिवपुरी, भिरा ही जलविद्युत केंद्रे यांच्या बळावर तग धरायचा. या योजनेने मुंबईचे दिवे पुष्कळदा वाचवले आणि ‘मुंबईत वीज जात नाही’ ही मुंबईकरांची शेखी त्यातून आली. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मात्र बेट टिकले नाही. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, इस्पितळे जनरेटरवर गेली. बेट तोडल्यावर आतली निर्मिती आणि आतला भार यांचा मेळ बसावा लागतो. शहर दिवसेंदिवस बाहेरच्या विजेवर अधिक टेकत गेले की तो मेळ काही क्षणांत भार तोडून साधावा लागतो. १९८१ ची कल्पना चुकीची नव्हती. ज्या शहरासाठी ती केली ते शहर बदलले होते. पुनर्रचनेची योजना एकदा बसवून विसरायची वस्तू नव्हे. तिच्या गृहीतकांची तपासणी रोज व्हावी लागते, आणि तेही आपोआप व्हावे अशी आता अपेक्षा आहे.

मूळ मुद्द्याकडे येतो. सांध्यावर नेमके काय होते?

पहिली गोष्ट अगदी हातातली. एका व्हॉल्व्हवर दोन नियंत्रक आहेत, एक कामावर आणि एक राखीव. कामावरचा व्हॉल्व्ह बासष्ट टक्के उघडा ठेवून आहे. हा आकडा त्याने तासाभराच्या बेरजेतून गाठलेला असतो, कारण अशा नियंत्रकाला मागच्या चुकांची स्मृती असते. तो बंद पडला आणि राखीव पुढे आला. राखीवाची स्मृती कोरी, त्याची बेरीज शून्य. तो पहिल्याच क्षणी व्हॉल्व्ह जवळजवळ मिटतो आणि नळात झुकोव्स्कीचा धक्का बसतो. सूत्र दोघांचे एकच, तरी धक्का. म्हणून राखीवाने रिकामे बसायचे नसते. कामावरचा काय करतो आहे ते पाहत, आपली बेरीज त्याच्याशी जुळवत राहायचे असते.

दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांना पहिल्यांदा खोटी वाटते. दोन नियंत्रक घ्या, दोन्ही आपापल्या परीने यंत्राला स्थिर ठेवणारे. त्यांच्यामध्ये अदलाबदल करत राहिलात तर यंत्र अस्थिर होऊ शकते. कारण असे: प्रत्येक नियंत्रक चूक शेवटी कमीच करतो, पण वाटेत ती एका दिशेने थोडी फुगवून मग आवळतो. फुगलेल्या क्षणी दुसऱ्याच्या हाती सोपवले आणि त्यानेही आपल्या दिशेने फुगवली, की आवळायची पाळी येतच नाही. यावर उतारा म्हणजे बदल केल्यावर काही काळ तिथेच थांबायचे. येल विद्यापीठाचे स्टीफन मोर्स यांनी हा विचार पक्का केला आणि १९९९ मध्ये जोआव एस्पान्या यांच्याबरोबर त्याला सैल, व्यवहारात वापरता येईल असे रूप दिले: दर बदलाला थांबलेच पाहिजे असे नाही, सरासरीने पुरेसे थांबले तरी चालते. पण बिघाड घाई करायला सांगतो आणि गणित थांबायला सांगते. हा झगडा कोणत्याही सूत्राने कायमचा मिटलेला नाही.

तिसरी गोष्ट विभागलेल्या व्यवस्थेचीच खास आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित. नर्मदेच्या वाटेवर अशी दहा नियंत्रण-ठाणी आहेत असे धरा. जुनी मांडणी तपासलेली आहे, नवीही आहे. बदलाचा हुकूम सुटतो, पण तो सगळ्यांना एकाच क्षणी पोचत नाही. तिघे नव्यावर गेले, सात अजून जुन्यावर, मग पाच-पाच, मग एकाचा निरोप हरवला म्हणून नऊ नवे आणि एक जुना. प्रत्येक ठाणे दोनपैकी एका स्थितीत, म्हणजे एकूण १,०२४ मिश्रणे. आराखड्यात तपासलेली त्यांतली फक्त दोन. उरलेली १,०२२ कोणी पाहिलेली नसतात आणि व्यवस्था तर त्यांतल्याच काहींमधून जाणार असते. सगळ्यांनी आधी एकमेकांना ‘तयार आहे’ असे कळवून मग एकदम बदलावे म्हटले, तर ते कळवणेही त्याच गळक्या नेटवर्कवरून. निरोप हरवू शकत असेल तर दोघांचे पूर्ण खात्रीने एकमत होणे अशक्य आहे, हे संगणकशास्त्रातले जुने कोडे आहे आणि त्याचे उत्तर नकारार्थीच आहे. तेव्हा शहाणपण एकमताच्या मागे न लागण्यात आहे. बदलाचे टप्पे असे लहान करायचे, की मधले कोणतेही मिश्रण झाले तरी यंत्र सुरक्षित राहील. जलूदच्या उदाहरणात, आधी सगळ्यांनी नुसता वेग कमी करायचा, कारण कमी वेगात कोणतेही मिश्रण नळ फोडत नाही, आणि मग सवडीने नवी सूत्रे घ्यायची. थोडे पाणी कमी मिळेल. ते चालेल.

या विषयाच्या पायाभरणीत मराठी नावे आहेत आणि ती आपल्या वाचकांना फारशी माहीत नाहीत, म्हणून इथे दोन सांगतो. विवेक बोरकर यांनी प्रवीण वरय्या यांच्यासह १९८२ मध्ये एक निबंध लिहिला. अनेक निरीक्षक एकाच गोष्टीचा अंदाज बांधत आहेत, प्रत्येकाची निरीक्षणे वेगळी, आणि ते अधूनमधून आपले अंदाज एकमेकांना कळवतात. योग्य अटींखाली शेवटी ते सहमत होतात, असे त्यांनी दाखवले. विभागलेल्या व्यवस्थांमधल्या सहमतीवर आज जे डोंगराएवढे लिखाण आहे त्याच्या आरंभीच्या लेखनात हा निबंध मोडतो. ‘शेवटी’ आणि ‘दहा सेकंदांच्या आत’ यांतले अंतर कसे कापायचे, त्यावर पुढच्या पिढीने खपायचे होते.

दुसरे नाव प्रमोद खरगोणकर. आडनाव ऐकून निमाडातला माणूस मान वर करील. मुंबईच्या आयआयटीतून १९७७ मध्ये बाहेर पडून ते फ्लोरिडाला गेले. डॉयल, ग्लोव्हर आणि फ्रान्सिस यांच्यासह त्यांनी १९८९ मध्ये लिहिलेला निबंध नियंत्रणशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वाचावा लागतो: यंत्राची आपल्याला असलेली माहिती काही मर्यादेत चुकीची असली, तरी निभावून नेणारा नियंत्रक कसा काढायचा याचे चोख सूत्र त्यात आहे. आपल्या विषयाला जवळचे काम आणखी एक आहे. १९७३ मध्ये वांग आणि डेव्हिसन यांनी दाखवले होते की निर्णय विभागले की यंत्राच्या काही हालचाली अशा उरू शकतात, ज्यांना कोणताही ठरावीक सूत्राचा विभागलेला नियंत्रक हात लावू शकत नाही. खरगोणकर आणि इतरांनी काळाप्रमाणे बदलणाऱ्या नियंत्रकांचा अभ्यास केला. त्यांतून दिसले की नियंत्रकांनी आपली सूत्रे पाळीपाळीने बदलली, तर अशा कित्येक हालचाली ताब्यात येतात. बदलणे हे नेहमी संकटावरचे औषधच असते असे नाही. कधी कधी न बदलणाऱ्याला जे जमत नाही ते बदलणाऱ्याला जमते.

या पानांत काय नाही तेही सांगायला हवे. पीथमपूरजवळ नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक आहे. एकामागून एक धावणाऱ्या, आपसांत बोलणाऱ्या गाड्यांचा ताफा हा आपल्या विषयाचा लाडका नमुना आणि अशी धावपट्टी त्याच्यासाठी आदर्श जागा. तरी वाहनांवर मी थोडेच लिहिले आहे, कारण तिथली परिस्थिती महिन्यागणिक बदलते. घुसखोरांनी नेटवर्कमध्ये शिरून खोटे निरोप पाठवणे हा विषयही फक्त स्पर्शून सोडला आहे. त्याला स्वतंत्र ग्रंथ हवा. गणित जिथे टाळता आले तिथे टाळले आहे, पण सांधा बदलण्याच्या प्रकरणात ते टाळलेले नाही.

शेवटच्या प्रकरणात यंत्रे मागे पडतात आणि पॅनेलसमोरचा माणूस पुढे येतो, त्याबद्दल एवढेच. १९८९ च्या जुलैत अमेरिकेत युनायटेड २३२ या विमानाच्या शेपटीतले इंजिन फुटले आणि तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा एकदम गेल्या. सुकाणू, पंख, काहीच हलेना. वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करून विमान वळवले आणि सू सिटीला धावपट्टीपर्यंत आणले. २९६ पैकी १८४ माणसे वाचली. दिशा बदलायला इंजिन वापरायचे, ही पुनर्रचना त्या कॉकपिटमध्ये जागच्या जागी सुचली. नंतर नासाने तीच कल्पना संगणकाला शिकवली आणि १९९५ मध्ये एमडी-११ विमान केवळ इंजिनांच्या जोरावर उतरवून दाखवले. मात्र ज्या यंत्राला हे येते त्याने ते केल्याचे माणसाला कळायला हवे. नाहीतर वैमानिक एका दिशेने ओढतो आणि संगणक दुसऱ्या.

आपल्याकडे या प्रश्नाचे रूप साधे आहे. २०१८ च्या जानेवारीत दादरीच्या औष्णिक केंद्रात देशातल्या स्वयंचलित निर्मिती-नियंत्रणाचा पहिला प्रयोग सुरू झाला. दिल्लीच्या राष्ट्रीय भार प्रेषण केंद्रातून दर चार सेकंदांनी निरोप निघतो आणि केंद्र आपली निर्मिती त्याप्रमाणे कमी-जास्त करते. आज अशी केंद्रे पुष्कळ आहेत. त्यांच्यात काय, पंपघरांत काय किंवा कारखान्यांत काय, पॅनेलवर एक निवड असते: लोकल की रिमोट, ऑटो की मॅन्युअल. निरोप तुटला तर यंत्राने लोकलवर यायचे असते आणि तार जुळली की परत जायचे असते. रात्रपाळीच्या ऑपरेटरचा अनुभव असा, की ऑटोवर ठेवलेले यंत्र कधी कधी न सांगता काहीतरी करते आणि सकाळी साहेबाला उत्तर आपल्याला द्यावे लागते. मग तो ते मॅन्युअलवर टाकतो आणि तसेच सोडून घरी जातो. लाखो रुपये खर्चून बसवलेली हुशारी अशी बंद पडून राहते. त्याच्या पडद्यावर तीन ओळी हव्यात: मांडणी कधी बदलली, कशावरून बदलली, आणि पूर्वीच्या मांडणीवर जायचे तर कोणते बटण. हे सोपे वाटते. पण ‘कशावरून’ ही मधली ओळ बहुतेक नियंत्रकांना आज लिहिता येत नाही, कारण त्यांच्या सूत्रांतून कारण वेगळे काढता येत नाही. ते कसे काढता येईल, याचे जे दोन-तीन मार्ग सध्या चाचपले जात आहेत, त्यांच्यापाशी शेवटचे प्रकरण थांबते.